भाराखाली झुकणारी रेषा

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, प्रोसेसरसाठी १.३५ व्होल्ट हा आकडा लिहून संगणक सुरू करावा आणि मोजणीचा प्रोग्रॅम उघडून पाहावे, तर काहीही काम चालू नसताना १.३५ च्या आसपासचाच आकडा दिसतो आणि मन निश्चिंत होते. मग प्रोसेसरमधल्या सगळ्या कोअरना, म्हणजे त्याच्या स्वतंत्र गणनाकेंद्रांना, एकदम कामाला जुंपणारी एखादी चाचणी सुरू केली की तोच आकडा क्षणार्धात १.२ च्या खाली उतरतो. ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे प्रोसेसर नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याच्या, वाटेला जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे एकदा तरी पाहावे लागते, आणि त्या वेळची पहिली भावना बहुधा फसवले गेल्याची असते. मागितले होते तेवढे मिळाले नाही, मदरबोर्डने मधल्यामध्ये काहीतरी खाल्ले, असे वाटते. प्रोसेसरवर सर्वाधिक भार असताना, नेमकी तेव्हाच व्होल्टेजने माघार घ्यावी, हे न्यायाला धरून वाटत नाही.

व्हीड्रूप या नावाने ओळखली जाणारी ही घसरण मला आता वेगळ्या रीतीने दिसते. ती बोर्डाच्या दुबळेपणातून उद्भवत नाही. ती आखून, मोजून, कागदावर उतरवून ठेवलेली आहे. पेंटियम ४ च्या काळातल्या इंटेलच्या विनिर्देशांतही ही उतरती रेषा छापलेली सापडते, आणि मदरबोर्डवर वीज नियंत्रित करणारे सर्किट रचणाऱ्या अभियंत्याने ती पाळावी अशी अपेक्षा असते. प्रवाह वाढेल तसे व्होल्टेज ठरलेल्या प्रमाणात खाली यावे, असा तो करार आहे. म्हणजे बायोसमध्ये आपण जो आकडा लिहितो तो व्होल्टेजचा आकडा नसून एका रेषेचे वरचे टोक असते, आणि संगणक दिवसभर त्या रेषेवरून खालीवर फिरत राहतो. ओव्हरक्लॉकिंगमधली बरीचशी हताशा ही रेषेला बिंदू समजल्यामुळे येते असे माझे मत आहे.

रेषेचा हिशेब समजायला ओहमने १८२७ मध्ये मांडलेला नियम पुरतो. रेषेचा उतार रोधाच्या एककात सांगतात, आणि तो रोध इतका लहान असतो की मिलिओममध्ये मोजावा लागतो. इंटेलच्या अलीकडच्या अनेक वरच्या श्रेणीतील डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी १.१ मिलिओम हा आकडा ओळखीचा आहे. ओहमच्या हजाराव्या भागाएवढा रोध ऐकायला नगण्य वाटतो. पण पूर्ण भाराखाली असा प्रोसेसर १५० अँपिअर प्रवाह सहज ओढतो, आणि १५० ला १.१ ने गुणले की १६५ मिलिव्होल्ट येतात. १.३५ मधून ते वजा केले की उरतात १.१८५ व्होल्ट. सुरुवातीला फसवणूक वाटलेली ती घसरण या एका गुणाकारात पूर्णपणे बसते. मधल्यामध्ये कोणी काही खाल्लेले नसते.

आता कोणी असा करार मुळात का करावा, हा प्रश्न उरतो, आणि या विषयातला सर्वांत देखणा भाग माझ्या मते त्याच्या उत्तरात आहे. पॉवर सप्लायकडून मदरबोर्डला १२ व्होल्ट मिळतात, आणि प्रोसेसरभोवती मांडलेल्या मॉसफेट, चोक आणि कपॅसिटर यांच्या रांगा, म्हणजेच व्हीआरएम, त्यांचे सव्वा व्होल्टच्या आसपास रूपांतर करतात. मॉसफेट सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होतात, चोक त्या तुकड्यातुकड्यांच्या विजेचा सलग प्रवाह करतो आणि कपॅसिटर तो साठवून गुळगुळीत करतात. हा वेग आपल्याला प्रचंड वाटतो, पण प्रोसेसरच्या दृष्टीने तो अतिशय संथ असतो. झोपलेल्या कोअर जाग्या होऊन काही नॅनोसेकंदांत प्रवाहाची मागणी कित्येक पटींनी वाढू शकते, आणि तितक्याच अचानक ती ओसरूही शकते. चोकचा स्वभावधर्म असा, की त्याच्यातून वाहणारा प्रवाह त्याला झटकन बदलता येत नाही. मागणी वाढली की तो मागे पडतो, आणि तेवढ्या वेळापुरते कपॅसिटरांनी आपल्या साठ्यातून भागवायचे असते. त्यामुळे व्होल्टेज क्षणभर खाली खचते. मागणी संपली की उलटे घडते. अडकलेले दार पूर्ण ताकदीने ढकलत असताना आतून कोणी कडी काढावी आणि ढकलणारा तोल जाऊन घरात यावा, तशी चोकमधल्या प्रवाहाची गत होते. घ्यायला कोणी उरलेले नसते, तरी तो येतच राहतो, कपॅसिटरांत शिरतो आणि व्होल्टेज ठरलेल्या पातळीच्या वर उसळते.

समजा रेषा पूर्ण सपाट ठेवली, म्हणजे भार असो वा नसो, व्होल्टेज एकाच पातळीवर राहील अशी व्यवस्था केली. मग भार येताच त्या पातळीच्या खाली एक खड्डा पडणार आणि भार जाताच तिच्या वर एक सुळका उठणार. दोन्ही मिळून दोलनाची उंची जवळजवळ दुप्पट होणार. याउलट रेषा उतरती असेल, तर भार नसताना व्होल्टेज आधीच वरच्या टोकाला असते. भार येतो तेव्हा ते खाली घसरते आणि जिथे घसरते तिथेच थांबते, कारण भाराखाली त्याने तिथेच राहायचे असते. भार जातो तेव्हा ते खालच्या टोकाला असल्यामुळे वर उसळायला मोकळी जागा मिळते, आणि ती उसळी जिथे संपते ती विश्रांतीचीच पातळी असते. घसरण आणि उसळी या दोन्ही अपरिहार्य गोष्टींना अशा रीतीने एकाच अंतरात बसवले जाते. त्याच कपॅसिटरांत अधिक काम भागते, आणि प्रोसेसरला दिसणारे सर्वोच्च व्होल्टेज किती असेल याची हमी देता येते. कोअर २ च्या पिढीतील विनिर्देशांत या उसळीलाही मर्यादा घालून दिलेली होती: वरच्या टोकाच्या पलीकडे ५० मिलिव्होल्टपर्यंत, आणि तेही २५ मायक्रोसेकंदांपुरते. दोष वाटणाऱ्या गोष्टीमागे इतका विचार उभा आहे हे समजल्यावर तिच्याकडे रागाने पाहणे मला तरी जमत नाही.

तरीही माणसाला ती रेषा सपाट करण्याची हौस फार. बायोसमध्ये तशी सोय सर्रास मिळू लागण्यापूर्वी, म्हणजे २००६-०७ च्या सुमारास, हौशी मंडळी मदरबोर्डवर शिसपेन्सिल चालवत. व्होल्टेज-नियंत्रकाच्या जवळचा एक विशिष्ट रोधक शोधून त्याच्या पाठीवर पेन्सिलीने हलक्या रेघा ओढायच्या. ग्राफाइट विजेचे वहन करत असल्यामुळे त्या रोधकाला समांतर वाट मिळते, त्याचा परिणामी रोध घटतो आणि नियंत्रकाला भाराची जाणीव कमी प्रमाणात होऊन घसरण कमी होते. जास्त झाले तर खोडून टाकता येते, हा या उपायाचा मोठा गुण. मला या युक्तीचे कौतुक वाटते, कारण तिच्यात निदान आपण नेमके काय बदलत आहोत हे हाताला कळत असे. आज तेच काम लोडलाइन कॅलिब्रेशन, म्हणजेच एलएलसी, या नावाच्या यादीतून एक पायरी निवडून होते, आणि ते इतके सोपे झाले आहे की तो उपाय करण्याआधी रोग आहे का हे विचारायचेच राहून जाते.

त्यातही पायऱ्यांच्या नावांनी गोंधळ वाढवला आहे. असूसच्या अनेक बोर्डांवर पायरीचा आकडा वाढेल तशी रेषा सपाट होत जाते. एमएसआय आणि ॲझरॉक यांच्या अनेक बोर्डांवर पहिली पायरीच सर्वांत सपाट असते आणि आकडा वाढेल तसा उतार वाढतो. गिगाबाइट आकड्यांऐवजी ‘टर्बो’ किंवा ‘एक्स्ट्रीम’ यांसारखे शब्द वापरते, जे ऐकून माणसाला वाटावे की आपण काहीतरी अधिक शक्तिमान निवडत आहोत. दुसऱ्याच्या बोर्डावरची पायरी आपल्या बोर्डावर जशीच्या तशी लावणे म्हणूनच धोक्याचे आहे. काही बोर्डांवरची टोकाची पायरी तर सपाटपणाच्याही पुढे जाते आणि भार वाढला की व्होल्टेज चक्क वाढवते. पडद्यावर तो आकडा पाहून सुरक्षिततेची भावना येते. प्रत्यक्षात भार सुटताना त्या उंचावलेल्या पातळीवरून व्होल्टेज आणखी किती वर उसळते, हे पडद्यावर कधीच दिसत नाही.

ते दिसत नाही याचे कारण मोजमापात आहे. सीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो यांसारखे प्रोग्रॅम साधारण सेकंदाला एखाद्या वेळी वाचन घेतात, आणि व्होल्टेजची उसळी मायक्रोसेकंदांत उमटून मावळते. तिला पकडायला व्होल्टेजचे क्षणाक्षणाचे चढउतार दाखवणारा ऑसिलोस्कोपच लागतो, तोही योग्य जागी जोडलेला. शिवाय हे प्रोग्रॅम अनेकदा ज्या सुपर आय-ओ चिपकडून आकडा घेतात, तिला व्होल्टेज ८ किंवा १६ मिलिव्होल्टांच्या पायऱ्यांतच मोजता येते, म्हणून पडद्यावरचा आकडा दोन ठरावीक मूल्यांत उड्या मारताना दिसतो आणि पाहणारा त्या उड्यांचे अर्थ लावत बसतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे मोजणी कुठे होते. काही बोर्ड प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या मागच्या बाजूला मोजतात आणि काही प्रोसेसरच्या डायपाशी, म्हणजे आतल्या सिलिकॉनच्या तुकड्यापाशी. सॉकेटपासून डायपर्यंतच्या वाटेलाही स्वतःचा रोध असतो, त्यामुळे भाराखाली सॉकेटपाशी दिसणारा आकडा डायला प्रत्यक्ष मिळणाऱ्या व्होल्टेजपेक्षा बराच मोठा असू शकतो. दोन बोर्डांवरचे आकडे शेजारी ठेवून कोणता बोर्ड चांगला हे ठरवणाऱ्यांनी एवढे आधी तपासले, तर अर्धे वाद होणारच नाहीत. आणि व्हीआयडी नावाने दिसणारा आकडा ही तर प्रोसेसरने केलेली मागणी असते. पुरवठा किती झाला हे त्यावरून थेट सांगता येत नाही.

घसरणीची एक बाजू क्वचितच बोलली जाते, ती उष्णतेची. प्रोसेसरने ओढलेली शक्ती ढोबळमानाने वारंवारतेच्या, म्हणजे चालण्याच्या वेगाच्या, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वरच्या उदाहरणात १.१८५ व्होल्ट आणि १५० अँपिअर म्हणजे सुमारे १७८ वॉट होतात. तोच भार, तीच वारंवारता, पण रेषा सपाट करून १.३५ व्होल्ट कायम ठेवले, तर प्रवाह १७१ अँपिअरच्या आसपास जातो आणि शक्ती २३१ वॉटच्या घरात पोहोचते. प्रोसेसर जर १.१८५ व्होल्टवर स्थिर चालत असेल, तर हे वरचे पन्नासहून अधिक वॉट कोणत्याही उपयोगाविना कूलरच्या माथी मारलेले असतात. तापमान वाढले की चिपमधली विजेची गळती वाढते, गळती वाढली की प्रवाह वाढतो, आणि मग कूलर पुरत नाही अशी तक्रार सुरू होते. भार जितका जड तितके व्होल्टेज कमी, हा नियम उष्णतेच्या बाबतीत प्रोसेसरचा रक्षकच असतो.

मग एलएलसीला हातच लावू नये का? तसे माझे म्हणणे नाही. मूळ रेषा मूळ वारंवारतेसाठी आखलेली असते, आणि वारंवारता वाढवली की भाराखाली लागणारे व्होल्टेजही वाढते. उतार तसाच ठेवून ते गाठायचे तर वरचे टोक खूप उंच न्यावे लागते, आणि हलक्या कामात प्रोसेसर त्या उंच व्होल्टेजवर बसून राहतो. प्रवाह कमी असल्यामुळे तेव्हा उष्णता फार होत नाही, म्हणून पूर्वी आम्ही मंडळी त्याकडे काणाडोळा करत असू. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांच्या अस्थिरतेचे २०२४ मधील प्रकरण मात्र या बाबतीत विचार करायला लावणारे आहे. त्या तपासात चढ्या व्होल्टेजमुळे प्रोसेसरला स्थिर चालायला लागणारे किमान व्होल्टेजच कालांतराने वर सरकत असल्याचे इंटेलने सांगितले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दिलेल्या मायक्रोकोडने, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्तीने, १.५५ व्होल्टच्या वरच्या मागणीला आळा घातला. हलक्या कामातले उंच व्होल्टेज फुकट पडत नाही, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही. तेव्हा दोन्ही टोकांकडे लक्ष ठेवून मधल्या उताराची पायरी निवडणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. अशा पायरीवर भाराखाली ठरावीक घसरण होत राहते, वरचे टोक अवास्तव उंच जात नाही आणि उसळीलाही जागा उरते.

ही पायरी एकदा ठरवली की पुन्हा बदलायची नाही, हा मी स्वतःपुरता पाळलेला नियम आहे. एलएलसी आणि व्होल्टेज दोन्ही एकाच वेळी हलवत राहिलो, तर कोणत्या बदलाचा कोणता परिणाम हे कळेनासे होते. त्यानंतर मी बायोसमधल्या आकड्याकडे लक्ष देणे सोडून देतो आणि भाराखालचे सर्वांत कमी व्होल्टेज कागदावर लिहून घेतो, कारण विशिष्ट वारंवारतेला स्थैर्य मिळते की नाही हे तिथेच ठरते. अमुक प्रोसेसर १.३५ व्होल्टवर अमुक वारंवारतेला चालतो, असे कोणी सांगितले तर त्यात एलएलसीची पायरी आणि भाराचा प्रकार यांचा उल्लेख नसल्यास त्या विधानाला फारसा अर्थ राहत नाही. भाराचा प्रकारही तितकाच महत्त्वाचा आहे. प्राइम९५ हा चाचणीचा प्रोग्रॅम एव्हीएक्स, म्हणजे एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या, सूचनांसह चालवला तर प्रवाह इतका वाढतो की व्होल्टेज एखाद्या खेळाच्या तुलनेत पुष्कळच खाली जाते, आणि एका भाराखाली स्थिर दिसणारे यंत्र दुसऱ्याखाली कोसळते. अशा वेळी व्होल्टेज ५ ते १० मिलिव्होल्टने वाढवत जावे; त्याहून मोठी उडी मारली तर गरजेपेक्षा किती जास्त दिले हे कळायला मार्ग राहत नाही. विंडोजच्या नोंदींत डब्ल्यूएचईएचे, म्हणजे हार्डवेअरमधल्या चुकांचे, इशारे उमटत असतील तर विंडोज कोसळल्याचा निळा पडदा न येताही यंत्र काठावर आहे असे समजावे, कारण तेव्हा प्रोसेसर चुका करून स्वतःच दुरुस्त करत असतो, आणि प्रत्येक चूक दुरुस्त होईलच असे नाही.

व्होल्टेज एकाच आकड्यावर बांधून न ठेवता प्रोसेसरच्या मागणीप्रमाणे सोडले, म्हणजे अ‍ॅडॅप्टिव्ह किंवा ऑफसेट पद्धत वापरली, तर चित्रात आणखी एक रेषा येते. इंटेलच्या प्रोसेसरला एसी लोडलाइन या नावाने असे सांगून ठेवलेले असते की वाटेत इतका रोध आहे, आणि त्या हिशेबाने भार वाढताना तो आधीच थोडे जास्त मागतो. बोर्डाने प्रत्यक्षात रेषा सपाट केली आणि प्रोसेसरला मात्र जुनाच मोठा रोध सांगितला, तर न होणाऱ्या घसरणीची भरपाई मागितली जाते आणि व्होल्टेज विनाकारण चढते. म्हणून एलएलसी बदलताना हे मूल्यही पाहावे लागते. तिची जोडीदार डीसी लोडलाइन सर्वसाधारणपणे व्होल्टेज बदलत नाही. ती प्रोसेसरला स्वतःची शक्ती मोजण्यासाठी हवी असते. ती खऱ्या उताराशी जुळवली, तर भाराखालचा व्हीआयडी आणि डायपाशी मोजलेले व्होल्टेज जवळजवळ एक येतात आणि वॉटचा आकडा विश्वासार्ह होतो.

या सगळ्यातून मान सोडवून घेण्याचा एक प्रयत्न इंटेलने केलाही होता. २०१३ च्या हॅस्वेल प्रोसेसरांत व्होल्टेजचा शेवटचा टप्पा प्रोसेसरच्या आतच नेला गेला, मदरबोर्डने १.८ व्होल्टच्या आसपास पुरवठा करायचा आणि कोअरसाठीचे व्होल्टेज आत तयार व्हायचे. बाहेरचे व्होल्टेज मोठे असल्यामुळे त्याच शक्तीला प्रवाह कमी लागे आणि बाहेरची घसरण कमी त्रासदायक ठरे. पण रूपांतराची उष्णता आता आत निर्माण होऊ लागली. २०१५ च्या स्कायलेकमध्ये डेस्कटॉपसाठी ही व्यवस्था पुन्हा बाहेर आली आणि उतरत्या रेषेशी आपली गाठ पुन्हा पडली.

शेवटची परीक्षा जड भाराची नसते, हे मात्र अनेकांना उशिरा उमगते. चाचणी तासन् तास निर्वेध चालते, आणि ती थांबवल्यावर दोन क्षणांत यंत्र गोठते. किंवा रात्रभर काहीही काम नसलेले यंत्र सकाळी बंद पडलेले सापडते. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेबरोबर कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे प्रत्येक कोअरचे व्होल्टेज वेगवेगळे कमी-जास्त करण्याची सोय, आल्यापासून हा अनुभव विशेष नेहमीचा झाला आहे, कारण तिथे एखाद-दुसरा कोअर हलक्या कामात सर्वोच्च वारंवारतेला चढतो आणि नेमका तिथेच व्होल्टेजचा कस लागतो. म्हणून सलग भाराखाली यंत्र टिकल्यानंतर मी भार मुद्दाम तोडूनतोडून देतो: चाचणी काही सेकंद चालवायची, थांबवायची, एकच कोअर कामाला लावायचा, मग सगळे, मग काहीच नाही. खड्डे आणि सुळके दोन्ही या चढउतारांतच निर्माण होतात. यंत्र त्यातूनही निभावले की भाराखालच्या किमान व्होल्टेजवर १० ते १५ मिलिव्होल्टची मोकळीक ठेवतो, कारण उन्हाळ्यात तापमान वेगळे असते आणि चिपही हळूहळू झिजत असते, आणि निवडलेली एलएलसीची पायरी, वरचे टोक व खालचे टोक हे तिन्ही आकडे एकत्र लिहून ठेवतो, म्हणजे बायोसची नवी आवृत्ती टाकल्यावर तीच रेषा पुन्हा आखता येते.